जमिनीवर उभ्या विमानाचे इंजिन चालवताना

इंदूरच्या मल्हारगंजातून बडा गणपतीवरून पश्चिमेकडे जाणारा रस्ता देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर पोहोचतो. होळकर संस्थानाने १९३५ मध्ये टाटा कंपनीच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्याकडून बिजासन टेकडीजवळची ही जागा विमानतळासाठी निवडून घेतली. आज तेथील सुमारे २,७५० मीटर लांबीच्या धावपट्टीवर बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० या वर्गातील जेट विमाने उतरतात. अशा विमानाच्या इंजिनाची दुरुस्ती झाली, की ते उड्डाणास योग्य ठरवण्यापूर्वी पुष्कळदा जमिनीवरच चालवून पाहावे लागते. या चाचणीची सुरक्षित तयारी कशी होते आणि त्या तयारीतील प्रत्येक पायरीमागे कोणते कारण असते, याचा हा परिचय.

ग्राउंड रन म्हणजे काय

विमान जागेवर स्थिर ठेवून, प्रवासी न घेता, देखभालीच्या कारणासाठी इंजिन सुरू करणे याला विमान अभियंत्यांच्या बोलीत ग्राउंड रन किंवा रन-अप म्हणतात. इंधन न देता स्टार्टरने इंजिन नुसते फिरवणे ही तिची सर्वांत सौम्य पायरी. त्यानंतर आयडल, म्हणजे इंजिन स्वबळावर चालू राहील इतकी किमान शक्ती, आणि शेवटी उड्डाणाच्या वेळी लागणाऱ्या शक्तीपर्यंतची चाचणी. प्रत्येक पायरीला धोक्याचे क्षेत्र बदलते. म्हणून कोणत्या पायरीपर्यंत जायचे, हे तयारीच्या आरंभीच ठरलेले असते.

चाचणी केव्हा लागते

इंजिन बदलले, इंधनपंप किंवा इंधननियंत्रक बदलला, तेलाची गळती दुरुस्त केली, पंख्याची पाती बदलली, कंपन वाढल्याची तक्रार आली किंवा दीर्घकाळ उभे राहिलेले इंजिन पुन्हा वापरात आणायचे असले, की ग्राउंड रन करावा लागतो. कोणत्या कामानंतर कोणती चाचणी, हे उत्पादकाची देखभाल पुस्तिका सांगते. काही कामांना आयडलवरील गळती-तपासणी पुरते, तर काहींना पूर्ण शक्तीची चाचणी अनिवार्य असते. आवश्यकतेपेक्षा अधिक शक्तीची चाचणी घेतल्याने माहिती वाढत नाही, धोका मात्र वाढतो. त्यामुळे पुस्तिकेतील नेमकी चाचणी निवडणे हीच सुरक्षिततेची पहिली पायरी ठरते.

एकाच प्रवाहाचे तीन परिणाम

बोइंग ७३७-८०० वरील सीएफएम५६-७बी या इंजिनाच्या पंख्याचा व्यास सुमारे १.५५ मीटर आहे. पूर्ण शक्तीवर हे इंजिन दर सेकंदाला सुमारे ३५० किलो हवा आत ओढते. तीपैकी बहुतांश हवा पंख्याने ढकलली जाऊन गाभ्याला वळसा घालते. उरलेली कंप्रेसरमध्ये दाबली जाते, ज्वलनकक्षात तापते, टर्बाइन फिरवते आणि मागून बाहेर पडते. ही सारी हवा वेगाने मागे फेकली गेल्यामुळे विमानावर पुढच्या दिशेने प्रणोद निर्माण होतो. या इंजिनाच्या सर्वाधिक शक्तीच्या प्रकारात तो सुमारे १२१ किलोन्यूटन असतो. पुढील शोषण, मागील झोत आणि विमानाला पुढे ढकलणारे बल हे तिन्ही एकाच प्रवाहाचे परिणाम आहेत. एक वाढले, की उरलेली दोन्ही वाढतात. ग्राउंड रनची बहुतेक सारी तयारी या तिहींना आवर घालण्यासाठी असते. उष्णता आणि आवाज यांचा बंदोबस्त त्याला जोडून येतो.

पुढचे क्षेत्र: शोषण

इंजिनाच्या तोंडाशी हवा सर्व बाजूंनी ओढली जाते. त्यामुळे धोक्याचे क्षेत्र फक्त समोर नसते, ते तोंडाच्या कडांवरून थोडे मागेही पसरते. ७३७-८०० साठी आयडलवर हे अंतर सुमारे ३ मीटर आणि त्याहून अधिक शक्तीवर सुमारे ४ मीटर धरले जाते. जोराचा वारा असेल तर ते आणखी वाढवतात. पंख्याचा व्यास मोठा असला की ओढली जाणारी हवाही वाढते. ए३२० निओवरील लीप-१ए या इंजिनाचा पंखा सुमारे १.९८ मीटरचा आहे. म्हणून एका विमानाचे अंतर दुसऱ्याला लावता येत नाही, प्रत्येक प्रकाराच्या पुस्तिकेतील आकृतीच प्रमाण मानावी लागते. या क्षेत्रात शिरलेल्या माणसाला ओढ जाणवते तेव्हा मागे फिरण्यास वेळ उरलेला नसतो. कारण शोषणाचा जोर तोंडाजवळ हळूहळू वाढत नाही, अखेरच्या काही पावलांत तो एकदम चढतो. याच कारणाने रेषा प्रत्यक्ष धोक्याच्या बऱ्याच अलीकडे आखलेली असते.

जमिनीवरचा भोवरा आणि परकी वस्तू

मोरीच्या छिद्रावर पाण्याचा भोवरा तयार होतो, तसाच भोवरा इंजिनाचे तोंड आणि जमीन यांच्यामध्ये हवेत तयार होऊ शकतो. ७३७ ची इंजिने जमिनीच्या बरीच जवळ असल्याने हा भोवरा खडी, वाळू, स्क्रू, चिंध्या उचलून आत नेतो. पूर्ण शक्तीवर या इंजिनाचा पंखा मिनिटाला सुमारे ५,००० फेरे आणि आतील गाभा सुमारे १४,००० फेरे फिरतो. या वेगावर लहानसा खडाही पात्याची कड मोडू शकतो आणि मोडलेला तुकडा पुढील पात्यांच्या रांगांना इजा करतो. म्हणून चाचणीपूर्वी इंजिनासमोरची जमीन झाडली जाते, तोंडाच्या आत विजेरी लावून पाहिले जाते, कामाला वापरलेली अवजारे मोजून परत घेतली जातात आणि जवळ जाणाऱ्याच्या खिशातील सुटी वस्तू, ओळखपत्र, टोपी काढून ठेवली जाते. सिमेंट काँक्रीटची स्वच्छ जागा डांबरी किंवा भेगाळलेल्या जागेपेक्षा श्रेयस्कर ठरते ती याचसाठी.

मागचे क्षेत्र: झोत

शोषणाचे क्षेत्र काही मीटरांत संपते, झोताचे मात्र दूरवर जाते. ७३७-८०० च्या मागे आयडलवरही सुमारे ३० मीटरपर्यंत जागा मोकळी ठेवावी लागते. उड्डाणशक्तीवर धोक्याची हद्द अर्ध्या किलोमीटरपलीकडे जाते. या फरकाचे कारण सोपे आहे. आत येणारी हवा सर्व दिशांनी गोळा होते, बाहेर पडणारी एकाच दिशेने जाते. झोताच्या वाटेत शिडी, ट्रॉली, सामानाचे डबे, दुसरे विमान, हँगरचे दार किंवा कुंपणापलीकडचा रस्ता असेल, तर अधिक शक्तीची चाचणी तेथे घेता येत नाही. मोठ्या केंद्रांवर झोत वर वळवणारी तिरकी भिंत बांधलेली असते. झोत गरमही असतो, पण दूरवर मुख्य धोका वेगाचा असतो. लहान वस्तू उडून त्याच धोकादायक ठरतात.

विमान जागेवर धरून ठेवणे

प्रणोद विमानाला पुढे ढकलतो. त्याला विरोध करते ते ब्रेक लावलेल्या चाकांचे जमिनीशी असलेले घर्षण. ७३७-८०० चे रिकामे वजन सुमारे ४१ टन, म्हणजे सुमारे ४०० किलोन्यूटन असते आणि त्याचा बहुतेक भार मुख्य चाकांवर येतो. ढोबळ हिशेबाने कोरड्या काँक्रीटवर ही चाके अडीचशे किलोन्यूटनच्या आसपासचे बल पेलू शकतात. ओल्या जमिनीवर हा आकडा दीडशेपर्यंत उतरतो. दोन्ही इंजिने पूर्ण शक्तीवर नेल्यास प्रणोद २४० किलोन्यूटनच्या पुढे जातो. रिकामे विमान, ओली जमीन आणि दोन्ही इंजिनांची पूर्ण शक्ती हे तिन्ही एकत्र आले, तर ब्रेक उत्तम असूनही विमान घसरू शकते. येथूनच तीन नियम निघतात. अधिक शक्तीच्या चाचणीत टाक्यांत पुरेसे इंधन ठेवून वजन वाढवायचे. एका वेळी एकच इंजिन पूर्ण शक्तीवर न्यायचे. पावसात किंवा निसरड्या ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, मोठी चाचणी टाळायची. माळव्याच्या पावसाळ्यात या तिसऱ्या नियमाचे महत्त्व उघड आहे.

ब्रेक आणि चॉक

पार्किंग ब्रेक हायड्रॉलिक दाबावर चालतो. हा दाब साधारण प्रति चौरस इंच ३,००० पौंड असतो. विमान काही तास उभे राहिले की साठवलेला दाब हळूहळू उतरतो. त्यामुळे चाचणीपूर्वी पंप चालू करून दाब भरला जातो आणि चाचणीभर त्याच्या निर्देशकावर नजर ठेवली जाते. त्याच्या जोडीला मुख्य चाकांच्या पुढे व मागे चॉक, म्हणजे चाकाला अडवणारे भक्कम ठोकळे, बसवतात. पुढचे चाक सरळ रेषेत ठेवतात आणि लँडिंग गिअरच्या सुरक्षा पिना घालतात. ब्रेक आणि चॉक हे एकमेकांना पर्याय नाहीत. ब्रेकचा दाब गेल्यास चॉक वेळ मिळवून देतो आणि चॉक सरकल्यास ब्रेक.

तुलूझ, १५ नोव्हेंबर २००७

फ्रान्समधील तुलूझ येथे एअरबसच्या कारखान्यात एतिहाद एअरवेजसाठी तयार झालेल्या ए३४०-६०० विमानाची चाचणी सुरू होती. चाकांना चॉक लावलेले नव्हते आणि चारही इंजिने एकाच वेळी अधिक शक्तीवर चालवली जात होती. काही मिनिटांनी विमान पुढे सरकू लागले. कॉकपिटमधील लक्ष ब्रेक आणि दिशा यांकडे गेले, शक्ती कमी करण्याची क्रिया उशिरा झाली. सुमारे १३ सेकंदांत विमान झोत अडवणाऱ्या तिरक्या भिंतीवर चढले आणि त्याचा पुढचा भाग मोडला. विमानात ९ जण होते. त्यांतील काही गंभीर जखमी झाले आणि एकही प्रवासी न नेलेले हे विमान कायमचे निकामी झाले. या घटनेतून ठळक झालेला धडा असा: विमान हलले तर पहिली क्रिया शक्ती आयडलवर आणण्याची, बाकी सारे त्यानंतर. कारण ढकलणारे बल नाहीसे झाले, की ब्रेकचे काम आपोआप हलके होते.

एका बाजूचा जोर

एकच इंजिन पूर्ण शक्तीवर गेले, की नवा प्रश्न उभा राहतो. ७३७ चे इंजिन विमानाच्या मध्यरेषेपासून सुमारे ४.८ मीटर दूर असते. तेवढ्या अंतरावरून लागणारा जोर विमानाला फिरवू पाहतो आणि पुढच्या चाकावर बाजूने ताण येतो. म्हणून अनेक पुस्तिका दुसरे इंजिन मध्यम शक्तीवर ठेवून हा वळणारा जोर कमी करण्यास सांगतात. घसरण टाळायची तर एकूण प्रणोद कमी हवा आणि वळण टाळायचे तर दोन्ही बाजूंचा समतोल हवा. पुस्तिकेतील शक्तीची जोडी या दोन परस्परविरोधी गरजांमधील मोजूनमापून काढलेली तडजोड असते. ती अंदाजाने बदलणे म्हणजे दोहोंपैकी एका धोक्याला वाट देणे.

जागा आणि वारा

ग्राउंड रन कोठे घ्यायचा, हे विमानतळ चालक आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष यांच्या परवानगीने ठरते. प्रवाशांच्या वर्दळीच्या ॲप्रनवर साधारणतः आयडलपर्यंतच्याच चाचण्यांना मुभा मिळते. अधिक शक्तीसाठी दूरची, झोताची दिशा मोकळी असलेली जागा लागते. विमानाचे नाक शक्यतो वाऱ्याच्या दिशेने ठेवतात. वारा मागून आला तर गरम वायू पुन्हा तोंडाकडे येऊ शकतात, सुरुवातीला इंजिनाचे तापमान मर्यादेबाहेर जाऊ शकते. आडवा वारा तोंडापाशी हवेचा प्रवाह विस्कटतो आणि अधिक शक्तीवर कंप्रेसरमधील प्रवाह अडखळून धमाक्यासारखा आवाज होतो, त्याला सर्ज म्हणतात. म्हणून वाऱ्याच्या वेगाला दिशेनुसार वेगवेगळ्या मर्यादा असतात.

विमानाची पूर्वतपासणी

इंजिनाला हात लावण्यापूर्वी विमानाचे लॉगबुक वाचले जाते. एखादे काम अर्धवट उघडे असेल, एखादा सर्किट ब्रेकर ओढून त्याला इशाऱ्याची चिठ्ठी लावलेली असेल, तर ते काम करणाऱ्याशी बोलल्याशिवाय काहीही सुरू करता येत नाही. त्यानंतर इंजिनाची आवरणे पुस्तिकेनुसार बंद आणि कुलूपबंद आहेत का, तेल व इंधन पुरेसे आहे का, तोंडावरची व मागची झाकणे काढली आहेत का, शिड्या दूर झाल्या आहेत का, मालकक्षाची दारे बंद आहेत का, हे पाहिले जाते. कॉकपिटमध्ये हवामान रडार बंद, फ्लॅप व रिव्हर्सर (प्रणोद उलट दिशेला वळवणारी यंत्रणा) बंद स्थितीत, इंधनाच्या कळा बंद आणि शक्तीचे लिव्हर आयडलवर असल्याची खात्री केली जाते. पुढची पायरी मागची पायरी पूर्ण झाल्याचे गृहीत धरते, म्हणून या यादीचा क्रम बदलत नाही.

माणसे आणि अधिकार

भारतात विमानांची देखभाल करणाऱ्या संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची सीएआर-१४५ या नियमावलीखाली मान्यता लागते, तर अभियंत्याला सीएआर-६६ खाली परवाना. मात्र परवाना असणे आणि इंजिन चालवण्याचा अधिकार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या विशिष्ट विमानप्रकारावर इंजिन चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीलाच संस्था तो अधिकार देते. कॉकपिटमध्ये चालवणारा आणि त्याला साहाय्य करणारा, बाहेर हेडसेट लावून बोलणारा आणि अग्निशामकाजवळ उभा राहणारा, अशी कामे आधी वाटून दिलेली असतात. सर्वांची एक बैठक होते. तीत चाचणीचा हेतू, शक्तीची कमाल पातळी, कोण कोठे उभा राहील, संपर्क तुटल्यास काय करायचे, हे ठरते. सुरू करण्याचा आदेश एकच व्यक्ती देते. थांबवण्याचा इशारा मात्र कोणीही देऊ शकतो.

संकेत आणि मुंबईची घटना

विमानाच्या वर आणि खाली लाल लुकलुकणारा दिवा असतो. तो लागला, की इंजिन सुरू आहे किंवा होणार आहे असे समजून सर्वांनी दूर राहायचे असते. आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून हेडसेटच्या जोडीला हातांचे ठरलेले संकेत वापरले जातात. संकेताचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच समजला पाहिजे, याची किंमत मुंबईत १६ डिसेंबर २०१५ रोजी कळली. हैदराबादला निघालेले एअर इंडियाचे ए३१९ विमान मागे ढकलून झाल्यावर कॉकपिटमध्ये संकेताचा चुकीचा अर्थ लावला गेला. जमिनीवरचे कर्मचारी दूर होण्यापूर्वी विमान पुढे निघाले आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. ती चाचणी नव्हती, नेहमीचे निर्गमन होते. पण ग्राउंड रनलाही हाच नियम लागू पडतो: बाहेरचा प्रत्येक माणूस दिसल्याशिवाय किंवा तो सुरक्षित असल्याचे मोजून सांगितले गेल्याशिवाय शक्ती वाढवायची नाही.

सुरू करण्याचा क्रम

इंजिन फिरवण्यासाठी दाबाखालील हवा लागते. ती विमानाच्या शेपटातील छोट्या इंजिनाकडून, म्हणजे एपीयूकडून, किंवा जमिनीवरील यंत्राकडून घेतली जाते. ही हवा स्टार्टरला फिरवते आणि स्टार्टर गाभ्याला. सीएफएम५६-७बी मध्ये गाभ्याचा वेग २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यावर इंधन सोडले जाते. ठिणगीने ज्वलन सुरू होते, तापमान चढते आणि सुमारे ५६ टक्क्यांवर स्टार्टर सुटतो. या काळात तेलाचा दाब उठतो का, पंखा फिरू लागतो का आणि वायूंचे तापमान सुरुवातीच्या ७२५ अंश सेल्सिअस या मर्यादेखाली राहते का, या तीन गोष्टींवर डोळा असतो. लीप आणि पीडब्ल्यू११००जी यांसारख्या नव्या इंजिनांत बंद झाल्यावर गाभा असमान थंड होऊन किंचित वाकतो. त्यामुळे इंधन देण्यापूर्वी त्याला काही काळ नुसते फिरवून सरळ होऊ द्यावे लागते. घाईने हा काळ कमी केल्यास पात्यांची टोके आवरणाला घासतात.

गळतीची तपासणी

आयडलवर चालणाऱ्या इंजिनाजवळ जाऊन गळती पाहणे हे ग्राउंड रनमधील सर्वांत नाजूक काम आहे. कारण येथे माणूस जाणूनबुजून धोक्याच्या जवळ जातो. त्यासाठी पुस्तिका इंजिनाच्या बाजूला, तोंडाच्या मागे, एक अरुंद मार्ग आखून देते. आत जाणे व बाहेर येणे त्याच मार्गाने, इंजिन आयडलवर आणि कॉकपिटला कळवूनच करायचे असते. तो मार्ग शक्ती वाढल्यावर बंद होतो. अमेरिकेत एल पासो येथे १६ जानेवारी २००६ रोजी काँटिनेंटल एअरलाइन्सच्या ७३७-५०० विमानाच्या तेलगळतीची तपासणी चालू असताना शक्ती वाढवली गेली. इंजिनाजवळ असलेला तंत्रज्ञ उभा राहून तोंडाच्या क्षेत्रात गेला आणि मरण पावला. अमेरिकी तपासयंत्रणेने लिखित पद्धती न पाळणे आणि अपुरे प्रशिक्षण यांकडे बोट दाखवले. अधिक शक्तीवरील गळती शोधायची असल्यास इंजिन त्या शक्तीवर नेऊन, पुन्हा आयडलवर आणून किंवा बंद करून पाहणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पूर्ण शक्ती आणि माळव्याचा उन्हाळा

पूर्ण शक्तीच्या चाचणीत पंख्याचा वेग पुस्तिकेतील तक्त्यातून काढतात. त्या तक्त्याला बाहेरचे तापमान आणि हवेचा दाब द्यावा लागतो. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तापमान ४० अंशांवर गेले, की तेथील हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी विरळ असते. थंडीच्या सकाळी १० अंशांवर हा फरक सुमारे ५ टक्के राहतो. विरळ हवेत तेवढीच शक्ती काढण्यासाठी गाभ्याला जास्त तापावे लागते आणि तापमानाच्या मर्यादेपर्यंतचे अंतर कमी होते. म्हणून दुपारी घेतलेल्या आणि पहाटे घेतलेल्या चाचणीचे आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत, ते आधी एका प्रमाण स्थितीत आणावे लागतात. शक्य असेल तेथे सकाळची थंड वेळ निवडणे इंजिनाला आणि चाचणीच्या अचूकतेला हितकर असते.

आवाज

पूर्ण शक्तीवरील जेट इंजिनाजवळचा आवाज श्रवणशक्तीला तत्काळ इजा करण्याइतका असतो. जवळच्या कर्मचाऱ्यांना कानांतील बोळे आणि वरून कर्णरक्षक, अशी दुहेरी व्यवस्था लागते. हा आवाज विमानतळाच्या कुंपणाबाहेरही पोहोचतो. शहरे वाढत विमानतळांना भिडली, तसा चाचण्यांच्या वेळांवर व जागांवर निर्बंध येणे स्वाभाविक झाले. जर्मनीतील हॅम्बुर्गसारख्या विमानतळांवर तर चाचणीसाठी आवाज शोषणारे खास आवार बांधले आहे. रात्रीची चाचणी विमानकंपनीच्या वेळापत्रकाला सोयीची, पण वस्तीला त्रासदायक असते. तिचे समर्थन तांत्रिक गरजेनेच करता येते.

बिघाड झाल्यास

बिघाडांची उत्तरे इंजिन सुरू करण्यापूर्वीच ठरलेली असतात. तापमान वेगाने मर्यादेकडे जाऊ लागले किंवा वेग मध्येच अडकला, तर इंधन तोडले जाते. बंद होताना किंवा सुरू होताना मागील नळीत उरलेले इंधन पेटले, तर इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवत राहतात, म्हणजे हवा ज्वाळा बाहेर ढकलून विझवते. विमानातील अग्निशामक बाटली या आगीवर उपयोगी पडत नाही. ती इंजिन आणि त्याचे आवरण यांमधील जागेतील आगीसाठी असते. या दोन आगींतील फरक न ओळखल्यास चुकीची क्रिया होते. पहिल्या प्रकारची आग बहुधा बाहेरच्या माणसालाच आधी दिसते. त्यामुळे हेडसेटवरचा संपर्क हे आग विझवण्याच्या व्यवस्थेचेच अंग आहे.

थंड करणे, बंद करणे, नोंद

अधिक शक्तीनंतर इंजिन लगेच बंद करत नाहीत. काही मिनिटे, साधारणतः तीन, ते आयडलवर ठेवतात. टर्बाइनची पाती, चकत्या आणि बाहेरचे आवरण वेगवेगळ्या गतीने थंड होतात. त्यांना एकमेकांशी जुळवून घेण्यास हा वेळ लागतो. इंधन तोडल्यावरही पंखा पूर्ण थांबेपर्यंत आणि लाल दिवा बंद होईपर्यंत कोणी जवळ जात नाही. नंतर पुस्तिकेने दिलेल्या मुदतीत तेलाची पातळी पाहतात, कारण लवकर किंवा उशिरा पाहिल्यास ती चुकीची दिसते. आवरणे उघडून गळती पुन्हा तपासतात, पिना व चॉक यांचा हिशेब घेतात, आकडे नोंदवतात. यानंतर अधिकृत अभियंता विमान सेवेत परत देण्याच्या दाखल्यावर सही करतो.

मोठ्या केंद्रांशी नाते

इंजिन विमानावरून उतरवून पूर्ण खोलणारे कारखाने देशात मोजकेच आहेत. अशा कारखान्यात दुरुस्त इंजिन बंदिस्त चाचणीकक्षात भक्कम चौकटीला जखडून चालवले जाते. तेथे झोत, आवाज आणि प्रणोद यांचा बंदोबस्त इमारतच करते आणि प्रणोद थेट मोजता येतो. विमानावर बसवल्यानंतर मात्र इंधन, हवा, वीज आणि हायड्रॉलिक यांच्या जोडण्या नव्याने तपासाव्या लागतात. तेथे ग्राउंड रनला पर्याय नाही. एअर इंडियाने ६८ विमानांची मागणी नोंदवल्यावर बोइंगने दिलेल्या वचनातून नागपूरच्या मिहानमध्ये विमान देखभालीचे मोठे केंद्र उभे राहिले. ते २०१५ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रातील हँगरबाहेरची चाचणी आणि इंदूरच्या ॲप्रनवरील आयडलची तपासणी यांत शक्तीचा व सोयींचा फरक असतो, नियमांचा नसतो.

मर्यादा

ग्राउंड रन सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही. विमान उभे असल्याने समोरून वेगाने येणारी हवा नसते, उंचीवरचा कमी दाब व थंडी नसते आणि क्रूझमधील, म्हणजे उंचीवरच्या सलग उड्डाणातील, दीर्घकाळ चालणारे कंपनही नसते. उड्डाणशक्ती काही मिनिटेच वापरता येते. त्यामुळे काही दुरुस्त्यांनंतर चाचणी-उड्डाण लागते आणि काही दोष उड्डाणांतील नोंदींतूनच सापडतात. मात्र जे दोष जमिनीवर सापडू शकतात, म्हणजे सैल राहिलेली जोडणी, गळणारी नळी, अनियमित कंपन, उशिरा उठणारा दाब, ते प्रवासी विमानात बसण्यापूर्वी सापडावेत यासाठी ही चाचणी आहे. ती घेणारी माणसे सुखरूप राहिली, तरच तिचा हेतू पूर्ण झाला असे म्हणता येते. म्हणून झाडलेली जमीन, लावलेला चॉक, भरलेला ब्रेक-दाब आणि मोजलेली माणसे यांना चाचणीच्या निकालाइतकेच महत्त्व द्यावे लागते.